भांडण मेकॉलेवरून चाललंय, पण लिव्हिंग्स्टनचं काय?

१ जुलै २०२४ ला आयपीसी गेली, भारतीय न्याय संहिता आली आणि तेव्हापासून एकच भांडण ऐकतोय. एक बाजू म्हणते मेकॉलेचा, म्हणजे आयपीसीचा पहिला मसुदा करणाऱ्या इंग्रजाचा, गुलामगिरीचा कायदा गेला, आता आपल्या मातीतला न्याय आला. दुसरी म्हणते कसला नवा, जुनीच कलमं नंबर बदलून चिकटवलीत, ३०२ चं १०३ केलं आणि ४२० चं ३१८. टीव्हीवर, लग्नाच्या पंगतीत, कोर्टाच्या कँटीनमध्ये, सगळीकडे हेच, आणि दोघांचंही लक्ष एकाच प्रश्नावर की हा कायदा नक्की कुणाचा? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. कायदा कुणी लिहिला यावरून तो वाईट ठरत नाही आणि चांगलाही ठरत नाही. लिहिणाऱ्यांच्या टेबलावर कुठले पर्याय होते, त्यातलं काय उचललं आणि काय तसंच ठेवून दिलं, हे विचारायला हवं. आणि ते विचारायला गेलं की एक माणूस समोर येतो, ज्याचं नाव या सगळ्या वादात मी एकदाही ऐकलं नाही. एडवर्ड लिव्हिंग्स्टन, अमेरिकेतल्या लुइझियानाचा.

ऑक्टोबर १८३७ मध्ये मेकॉले आणि त्याच्या कमिशनने पीनल कोडाचा मसुदा गव्हर्नर जनरल ऑकलंडला पाठवला, त्यासोबतच्या पत्रात त्यांनी उघड लिहिलंय की दोन नामांकित संहितांची आम्हाला मोठी मदत झाली, एक फ्रान्सची आणि दुसरी दिवंगत मिस्टर लिव्हिंग्स्टन यांनी लुइझियानासाठी केलेली. दिवंगत, कारण तो आदल्याच वर्षी, मे १८३६ मध्ये वारला होता. म्हणजे ज्याला आपण दीडशे वर्षं इंग्रजी कायदा म्हणत आलो त्याच्या एका बाजूला फ्रेंच मावशी आहे आणि दुसऱ्या बाजूला अमेरिकन काका. खुद्द इंग्लंडने असा कोड स्वतःसाठी कधीच केला नाही, तिथे अजूनही गुन्ह्यांचा कायदा एका पुस्तकात सापडत नाही. मग 'इंग्रजी' म्हणजे नक्की काय म्हणायचं?

हा माणूस साधा नव्हता. जन्म १७६४ चा, न्यूयॉर्कच्या मोठ्या जमीनदार घराण्यातला. थोरला भाऊ रॉबर्ट, ज्याने १८०३ मध्ये पॅरिसमध्ये नेपोलियनच्या सरकारशी लुइझियाना खरेदीची बोलणी केली तो. एडवर्ड आधी काँग्रेसमध्ये होता, मग १८०१ मध्ये न्यूयॉर्कचा मेयर झाला आणि त्याच वेळी तिथे केंद्र सरकारचा वकीलही. त्याच्या हाताखालच्या कारकुनाने सरकारी वसुलीचे पैसे खाल्ले. पैसे खाल्ले कारकुनाने पण जबाबदारी आपली, असं म्हणून याने स्वतःची मालमत्ता सरकारच्या हवाली केली, पद सोडलं आणि चाळिशीला टेकलेला असताना परत शून्यातून वकिली करायला न्यू ऑर्लिन्स गाठलं. ते कर्ज व्याजासकट फिटायला १८२६ साल उजाडलं. मला वाटतं हे कर्ज समजून घेतल्याशिवाय त्याचा कोड नीट कळत नाही. चूक झालेल्या माणसाला परत उभं राहता आलं पाहिजे, हे त्याने आधी स्वतः जगून बघितलं आणि मग कागदावर लिहिलं.

न्यू ऑर्लिन्समध्ये तेव्हा स्पॅनिश, फ्रेंच आणि इंग्रजी कायद्याची अशी खिचडी होती की गुन्हा कशाला म्हणायचं हेच वकिलांनाही धड सांगता येत नव्हतं. राज्याच्या विधिमंडळाने १८२१ मध्ये त्याला फौजदारी संहिता लिहायचं काम दिलं. पुढच्या वर्षी त्याने पहिला अहवाल दिला, तो युरोपातही वाचला गेला. नोव्हेंबर १८२४ मध्ये सगळा मसुदा तयार झाला. रात्री उशिरापर्यंत जागून त्याने मूळ कागद आणि छापखान्यात द्यायची नक्कल शेजारी ठेवून ताडून बघितली आणि झोपला. त्याच रात्री घराला आग लागली, मूळही गेलं आणि नक्कलही. साठ वर्षांचा माणूस, तीन वर्षांचं काम राख. दुसऱ्या दिवशी तो परत लिहायला बसला आणि दोनेक वर्षांत सगळं नव्याने उभं केलं: गुन्हे आणि शिक्षा, कामकाज, पुरावा, तुरुंग, आणि शब्दांच्या व्याख्यांचं एक वेगळं पुस्तक. एवढं करून लुइझियानाने तो कोड कधीच मंजूर केला नाही. त्याचा हात लागलेली दिवाणी संहिता मात्र १८२५ मध्ये मंजूर झाली, कारण तिच्यात जमीनजुमला आणि वारसाहक्क होते, त्याची गरज पैसेवाल्यांना होती. कैद्यांची गरज कुणाला होती?

आता आपल्याकडे काय आलं ते बघू. आधी शब्दाचा अर्थ सांगायचा आणि मग गुन्हा, ही शिस्त आली. कायद्यात जे लिहिलेलं नाही त्यासाठी जज कुणाला शिक्षा देणार नाही, गुन्हा कुठला हे फक्त विधिमंडळ ठरवणार, हे आलं. एकाच पुस्तकात सगळं, म्हणजे साताऱ्याच्या वकिलाला आणि कलकत्त्याच्या वकिलाला तेच कलम, हेही आलं. हे छोटं नाहीये. आधी मुंबई इलाख्यात एक रेग्युलेशन, बंगालमध्ये दुसरं, असा कारभार होता. महाडच्या शेतकऱ्यावर आणि मुंबईच्या शेठवर चोरीचं कलम एकच लागणार ही कल्पनाच तेव्हा सुधारणा होती. तर 'गुलामीचा कायदा' म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे की यातलं नेमकं काय परत करायचंय?

पण त्यांचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. कोड लिहिताना एकाही भारतीयाला विचारलं नाही, आणि राज्यकर्त्यांना जिथे भीती वाटली तिथे हात आखडला. राजद्रोहाचंच घ्या. १७९८ मध्ये अमेरिकेत सरकारने परकीयांना हाकलायचे आणि सरकारवर टीका करणाऱ्यांना आत टाकायचे कायदे आणले, तेव्हा तरुण लिव्हिंग्स्टन त्याविरुद्ध काँग्रेसमध्ये उभा राहिला होता. पुढे स्वतःच्या कोडमध्ये तर त्याने छापण्याच्या स्वातंत्र्याच्या आड येणं हाच गुन्हा ठरवला. कलकत्त्यात त्याचा कोड समोर ठेवून बसलेल्या मेकॉलेच्या मसुद्यात मात्र राजद्रोहाचं कलम होतं, ते १८६० च्या कायद्यात आलं नाही, आणि १८७० मध्ये १२४ अ म्हणून घुसवलं गेलं. त्याच कलमाखाली १८९७ मध्ये मुंबई हायकोर्टात टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली, जस्टिस स्ट्रेचींनी ज्युरीला सांगितलं की सरकारबद्दल प्रेम नसणं म्हणजेच अप्रीती, आणि १९०८ मध्ये परत त्याच कलमाखाली सहा वर्षं मंडाले. म्हणजे एकाच कोडाच्या दोन पूर्वजांपैकी आपण भोगला तो भित्रा पूर्वज. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कलम थांबवलं, २०२३ मध्ये राजद्रोह हा शब्द गेला पण नव्या संहितेत कलम १५२ आलं, देशाचं सार्वभौमत्व आणि एकता धोक्यात आणण्याबद्दलचं, आणि त्याची भाषा वाचून मला तरी दिलासा वाटत नाही. मातीतला कायदा म्हणणाऱ्यांनी टिळकांची आठवण ठेवून इथे भांडायला हवं होतं.

फाशीचं तर त्याहून मोठं. लिव्हिंग्स्टनच्या कोडमध्ये फाशी नाहीच, खुनालाही नाही. हे १८२० च्या दशकात, जेव्हा इंग्लंडमध्ये चोरीच्या कितीतरी प्रकारांना फाशी होती. त्याचं म्हणणं दोन गोष्टींवर उभं होतं. माणूस घाबरतो ते शिक्षा होणारच या खात्रीला, शिक्षा किती भयंकर आहे याला नाही. आणि माणूस चुकतो, जजही चुकतो, ज्युरीही चुकते, मग दुरुस्त करता न येणारी शिक्षा माणसाच्या हातात देऊ नये. मेकॉलेने हे वाचलं आणि नोटमध्ये लिहिलं की फाशी पूर्ण काढावी असं आम्हाला पटलं नाही, पण ती फार क्वचित द्यावी, खून आणि राज्याविरुद्धचा सर्वात मोठा गुन्हा एवढ्यापुरतीच. ३ जून १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी सांगितलं की अपिलाच्या तरतुदी वाढवत बसण्यापेक्षा फाशीच रद्द करणं मला जास्त पसंत आहे, या देशाने अहिंसा हे नैतिक तत्त्व म्हणून मानलंय. १९८० च्या बचनसिंग खटल्यात फाशी टिकली, 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' गुन्ह्यासाठी. २०१५ मध्ये लॉ कमिशनने दहशतवाद सोडून बाकी सगळीकडून ती काढा असं सुचवलं. आणि २०२३ मध्ये कोरा कागद हातात असताना आपण काय केलं? फाशीची यादी वाढवली.

इथे समोरच्याचं सगळ्यात भक्कम म्हणणं येतं आणि ते टाळून चालणार नाही. कोपर्डीच्या वेळी जे लाखो लोक एक शब्द न बोलता रस्त्यावर चालले, त्यांचा राग खोटा होता का? अजिबात नव्हता. पोटची पोर गेलेल्या आईला तुम्ही लिव्हिंग्स्टनची थिअरी ऐकवणार का, असं मला एका मैत्रिणीने विचारलं होतं. नाही ऐकवणार. पण त्या आईला राज्याने काय दिलं हे बघा. आपल्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये बायका-मुलांवरच्या अत्याचारांसाठीचं शक्ती विधेयक मंजूर केलं, फाशीसकट, सगळ्या पक्षांनी मिळून, त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालीच नाही. आणि २०२२ च्या सरकारी आकड्यांत बलात्काराच्या निकाल लागलेल्या खटल्यांत शिक्षेचं प्रमाण आहे २७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चारातले जवळपास तीन सुटतात, आणि आपण चौथ्याला फासावर द्यायचं का यावर वाद घालतोय. पंचनामा धड नाही, नमुने लॅबमध्ये पडून, साक्षीदार वर्षानुवर्षं तारखांना येऊन कंटाळलेला. लिव्हिंग्स्टन दोनशे वर्षांपूर्वी ओरडून सांगत होता की भयंकर शिक्षा हा खात्रीच्या शिक्षेला पर्याय नाही. राग खरा आहे म्हणूनच त्या रागाला कागदी फाशीवर घरी पाठवणं मला अन्यायाचं वाटतं.

आता लिव्हिंग्स्टनच्या विरुद्ध जे आहे तेही सांगतो, कारण त्याचा फोटो भिंतीवर लावायला मी निघालेलो नाही. फाशीच्या जागी त्याने काय सुचवलं होतं माहितीये? खुन्याला जन्मभर एकांतकोठडी, कोठडी आतून बाहेरून काळी रंगवलेली, आणि दारावर पाटी की या खोलीत अमक्याचा खून करणारा तमका राहतो, तो जगाला मेलाय, ही खोलीच त्याची कबर आहे. वाचताना अंगावर काटा येतो. दयाळू माणूस इतकं क्रूर लिहू शकतो, कारण त्याला भीती होती की फाशी काढली तर लोक म्हणतील खुन्याला मोकळं सोडलं. आणि दुसरं, गुलामगिरी. गुलाम राखणाऱ्या घराण्यातला, गुलामांच्या श्रमावर चाललेल्या राज्यातला हा वकील, सगळ्या शब्दांच्या व्याख्या करत बसला पण त्या एका संस्थेला त्याच्या कोडने धक्का लावला नाही. इथे उलट मेकॉले त्याच्या पुढे गेला. त्याच्या कमिशनने स्पष्ट म्हटलं की जो गुन्हा आहे तो मालकाने गुलामावर केला म्हणून माफ होणार नाही. तर कोण चांगला, अमेरिकन की इंग्रज? बघा, हा प्रश्न इथे पण निरुपयोगीच ठरतो. एका कलमात एक पुढे आहे, दुसऱ्यात दुसरा. कलमं एकेक करून वाचावी लागतात, त्याला शॉर्टकट नाही.

आणखी एक आक्षेप असा की हा सगळा पुस्तकी आदर्शवाद, प्रत्यक्षात चालला कुठे? चालवून बघितला होता, ग्वातेमालामध्ये. बारुंदिया नावाच्या तिथल्या उदारमतवादी नेत्याने त्याचं स्पॅनिश भाषांतर केलं, गाल्वेसच्या सरकारने ते आणलं आणि १ जानेवारी १८३७ पासून ज्युरीसकट लागू केलं. वर्षभरात सगळं कोसळलं. ज्युरीत बसायला वाचता येणारी माणसं नव्हती, कायदा ज्या भाषेत होता ती खेड्यातल्या मूळ रहिवाशांची भाषाच नव्हती, आणि कोडला लागणारे वेगवेगळ्या कोठड्यांचे तुरुंग बांधायला त्याच लोकांना वेठीला धरलं. त्यात कॉलरा आला, बंड झालं, १८३८ मध्ये कोड गेला. आज तिथल्या कॅरिबियन किनाऱ्यावर लिव्हिंग्स्टन नावाचं गाव तेवढं उरलंय. यावरून बरेच जण म्हणतात परका कायदा रुजत नाही. मला यातून वेगळंच दिसतं. बंड केलेल्या शेतकऱ्याला लुइझियाना कुठेय हे माहीतही नसेल, त्याला दिसत होती ती वेठबिगारी. माणुसकीचा कायदा अमानुष रीतीने आणला म्हणून तो मेला. आणि हे आपल्याला आत्ता लागू पडतं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञ जागेवर गेलाच पाहिजे असं सीआरपीसीच्या जागी आलेली नवीन नागरिक सुरक्षा संहिता म्हणते, कलम चांगलंय, पण तालुक्याला व्हॅन नाही, माणूस नाही, तर ते राबवणार कोण? हवालदारच ना, त्याच्याच मोबाईलवर शूटिंग करून?

तुरुंगांचं थोडक्यात सांगतो. लिव्हिंग्स्टनने कच्चे कैदी आणि पक्के कैदी यांना वेगळ्या इमारती सुचवल्या, लहान वयाच्यांना वेगळी सुधारशाळा, आणि सुटून आलेल्याला काम मिळेपर्यंत राहायला एक आश्रयगृह, कारण सुटलेल्याला कुणी दारात उभं करत नाही हे त्याला माहीत होतं. आपल्या तुरुंगांत आज दर चार माणसांमागे तीन कच्चे कैदी आहेत, ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. नव्या संहितेत समाजसेवा ही शिक्षा म्हणून आली, ती खरोखर चांगली गोष्ट झाली, 'नुसती कॉपी पेस्ट' म्हणणाऱ्यांनी हे कबूल करायला पाहिजे. पण ती किरकोळ गुन्ह्यांपुरती. आणि लुइझियानाचं काय झालं? अमेरिकेत सगळ्यात जास्त प्रमाणात माणसं कोंडणाऱ्या राज्यांत त्याचं नाव वरच्या ओळीत असतं, आणि मार्च २०२५ मध्ये तिथे पंधरा वर्षांनी देहदंड दिला गेला, नायट्रोजन वायूने. स्वतःच्या माणसाचं त्याच्याच राज्याने ऐकलं नाही.

पण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो तो एक वेगळाच वाद, जो मेकॉले आणि लिव्हिंग्स्टनमध्ये कागदावर झाला. लिव्हिंग्स्टनच्या कोडात होतं की स्वतःला धोका नसताना आणि पैशाचं नुकसान नसताना जो दुसऱ्याचा जीव वाचवू शकत होता आणि वाचवला नाही, तो मनुष्यवधाचा दोषी. मेकॉलेने हे खोडून काढलं. त्याचं उदाहरण असं की कलकत्त्यातल्या एका सर्जनला मीरतला ऑपरेशनला बोलावलंय, फी भरपूर आहे, धोका काही नाही, पण त्याचे घरचे पुढच्या जहाजाने येणारेत म्हणून तो जात नाही. त्याला खुनी म्हणणार का? दुसरं उदाहरण नदीचं. नदीला इतका पूर आलाय की उतरता येणार नाही, हे एकाला माहीत आहे, तो वाटसरूला सांगत नाही आणि वाटसरू बुडून मरतो. मेकॉले म्हणतो, हा जर वाटसरूंना सावध करायला नेमलेला शिपाई असेल किंवा पैसे घेतलेला वाटाड्या असेल तर हा खून. पण ज्याच्यावर त्या वाटसरूचा माणुसकीखेरीज दुसरा कुठलाच हक्क नाही असा कुणी असेल तर खून नाही. कायद्याने लोकांना वाईट करण्यापासून अडवावं, चांगलं करायला लावायचं काम धर्म, शिक्षक आणि लोकमतावर सोडावं. आयपीसीत हेच आलं आणि नव्या संहितेतही हेच आहे.

मेकॉलेचा युक्तिवाद ताकदीचा आहे, मी तो कित्येकदा वाचलाय. न केलेल्या मदतीला खून म्हणणं चूकच, तिथे लिव्हिंग्स्टन फार पुढे गेला. पण म्हणून काहीच नको? मधली जागा नाहीच का? दोन वर्षांपूर्वी सोलापूर हायवेवर इंदापूरच्या अलीकडे एक बाईकवाला पडला, आम्ही पोचलो तेव्हा भोवती पंधरा-वीस जणांचं कडं होतं आणि निम्म्यांचे मोबाईल वर होते. पोरगा शुद्धीवर होता, पाणी मागत होता. मी विचारलं १०८ ला कुणी लावलाय का, तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. प्रत्येकाला वाटत होतं दुसऱ्याने लावला असेल. एक जण म्हणाला, पोलिसांच्या लफड्यात कोण पडणार. शेवटी शेजारच्या टपरीवरची बाई पाण्याचा तांब्या आणि स्वतःची ओढणी घेऊन आली, ओढणी त्याच्या मांडीला घट्ट बांधली, आणि फोनही तिनेच लावला. ती वाईट माणसं नव्हती हो, घाबरलेली होती. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातल्या १३४ अ कलमाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, त्याला साक्षीला अडकवता येत नाही, नावसुद्धा सांगायची सक्ती नाही, हे त्या वीस जणांतल्या एकालाही माहीत नव्हतं.

आणि मेकॉलेचा सर्जन? त्याचा सगळा युक्तिवाद अंतरावर उभा आहे. कलकत्ता ते मीरत म्हणजे तेव्हा आठवडेच्या आठवडे प्रवास, म्हणून न जाणाऱ्याची बाजू पटते. आज ते अंतर खिशात आलंय. फोन लावायला धोका नाही, खर्च नाही, थांबायचीही गरज नाही, तीन आकडे दाबायचेत. लिव्हिंग्स्टनची जी अट १८२४ मध्ये स्वप्नाळू वाटत होती ती आज अक्षरशः पूर्ण होते. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये संकटातल्या माणसाला सोडून जाणं हा गुन्हा आहे, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात १९६८ पासून कायदा आहे, दंड जास्तीत जास्त १०० डॉलर, एवढाच, कुणाला खुनी म्हणत नाहीत, पण कायदा बोलतो की हे तुझं काम होतं. ३५८ कलमांच्या नव्या संहितेत एवढं एक कलम बसलं नसतं का? छोटा दंड, फक्त फोन न करण्याबद्दल, आणि त्याच्या शेजारच्याच ओळीत १३४ अ चं संरक्षण, म्हणजे एकाच वेळी जबाबदारीही कळेल आणि भीतीही जाईल. पुढची दुरुस्ती येईल तेव्हा कायदा कुणाचा यावर परत दोन्हीकडून आरोळ्या होतील. मी त्या बाईची ओढणी डोळ्यासमोर ठेवून माझ्या आमदारांना आणि खासदारांना या एका कलमाबद्दल पत्र लिहिलंय, अजून उत्तर आलेलं नाही, परत लिहिणार आहे.